दुकानाला दुसरं नाव घ्यायचंय. नोंदणी नेमकी कुठे करायची?

कांडपवाली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आमचं कोल्हापुरात मिरची कांडप आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, पाटीवर त्यांचंच नाव आहे. खरं नाव इथे लिहीत नाही, आपण 'अमुक मिरची कांडप' म्हणू. मामंजी गेल्यावर धंदा माझ्या नावावर झाला. जीएसटी, शॉप अ‍ॅक्ट, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), फूड लायसन्स सगळं माझ्या पॅनवर आणि दुकानाचं नाव मात्र तेच जुनं. मार्च ते मे लोक मिरच्या घेऊन रांगा लावतात, आम्ही कांडून देतो. त्याच्या जोडीला आता तयार चटणीही विकतो. (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: चटणी म्हणजे कांदा लसूण मसाला. शेंगदाण्याची नव्हे.) पुण्या-मुंबईला बऱ्यापैकी जाते.

अडचण अशी की पाकिटावर 'अमुक मिरची कांडप' हे नाव बसत नाही. पुण्यातला एक दुकानदार म्हणाला, "ताई, माल एक नंबर आहे, पण नाव वाचून गिऱ्हाईक विचारतं की इथे दळून मिळेल का." म्हणून चटणीसाठी सुटसुटीत दुसरं नाव घ्यायचंय. दुकानाची पाटी तशीच राहील. ती उतरवायची म्हटलं तर आमचे मोठे दीर मलाच उतरवतील.

आता प्रश्न. दुसऱ्या नावासाठी नवीन फर्म काढावी लागते का? वेगळा जीएसटी नंबर लागतो का? ऑनलाइन फॉर्म भरून देणारा म्हणतो, "नव्या नावाचा शॉप अ‍ॅक्ट काढून देतो, नाव तुमचं झालं." आमचे सीए म्हणतात, "काही करू नका, नुसतं पाकिटावर छापा." खरं कुणाचं धरू?

नाव ठरलंय. सांगू का इथे?

नादखुळा
सांगा की! बारसं इथंच करूया.

काळा_कोट
अजिबात सांगू नका. अर्ज दाखल होईपर्यंत कुठल्याही चव्हाट्यावर नाव टाकायचं नाही. बाकीचं सविस्तर रात्री लिहितो, आत्ता कोर्टात आहे.

पुणेरी_पाहुणा
वकीलसाहेब कोर्टात बसून धागे वाचतात ही माहिती पक्षकारांसाठी मोलाची आहे.

तिकटीवरचा
वहिनी, माझं चपलांचं दुकान आहे, मीही दोन नावांनी धंदा करतो. सरळ उपाय सांगतो. मिस्टरांच्या नावावर दुसरी फर्म काढा. दोन जीएसटी, दोन खाती, दोन नावं. टर्नओव्हरही वाटला जातो. सीए लोक उगाच घाबरवतात.

हिशेबनीस
तिकटीवरचा, हे असं सांगू नका हो. लोक वाचून करतात आणि मग नोटीस घेऊन आमच्याकडे येतात.

कांडपवाली ताई, जरा सविस्तर लिहितो. तुमची आहे ती मालकी फर्म, म्हणजे प्रोप्रायटरशिप. तिथे कायद्याच्या लेखी दुकान आणि मालक एकच. धंद्याचं नाव हे तुमचंच दुसरं नाव. असं नाव नोंदवायची एकच एक सरकारी वही आपल्याकडे नाही. ते नाव जीएसटीत, शॉप अ‍ॅक्टमध्ये, बँकेत, फूड लायसन्सवर असं वेगवेगळ्या कागदांवर राहतं. म्हणून तर प्रत्येक जण तुम्हाला आपल्यापुरतं उत्तर देतोय.

जीएसटीच्या दाखल्यावर दोन नावं असतात. लीगल नेम म्हणजे पॅनवरचं तुमचं स्वतःचं. ट्रेड नेम म्हणजे 'अमुक मिरची कांडप'. त्याच नोंदणीत अतिरिक्त ट्रेड नेम जोडायची सोय पोर्टलवर आहे. वेगळा नंबर लागत नाही. नियमात याला नोंदणीतली दुरुस्ती म्हणतात, फॉर्म आरईजी-14. नावाचा बदल 'कोअर' दुरुस्तीत मोडतो, म्हणजे अधिकाऱ्याची मंजुरी लागते. बदल झाल्यापासून 15 दिवसांत अर्ज करायचा, आणि अधिकाऱ्याने 15 कामकाजाच्या दिवसांत निकाल द्यायचा.

उद्यमचं दुसरं प्रमाणपत्र काढायच्या भानगडीत पडू नका. 1 जुलै 2020 पासून ही नोंदणी आली, आणि एका उद्योगाला एकच, असा नियम आहे. दुसरं काम, दुसरं युनिट असेल तर त्यातच वाढवायचं. फुकट आहे, कुणाला पैसे देऊ नका.

शॉप अ‍ॅक्टचं म्हणाल तर 2017 च्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी नव्हतीच, नुसती सूचना द्यायची होती. तिची जी पावती मिळते ती धंदा चालू असल्याची. त्या पावतीने नावावर मालकी येत नाही. त्याच गल्लीत दुसऱ्याने त्याच नावाची पावती काढली तरी पोर्टल त्याला अडवणार नाही.

राहिला टर्नओव्हर. जीएसटीत उलाढाल पॅनवर मोजतात. तुम्ही एका पॅनवर नावं कितीही घ्या, बेरीज एकच. आणि मिस्टरांच्या नावावर फर्म काढली, पण डंक (मिरची कांडायचं यंत्र) तोच, कामगार तेच, गोडाऊन तेच, तर उद्या अधिकारी विचारणारच की हा दुसरा धंदा आहे कुठे. खरोखर वेगळा धंदा असेल तर जरूर काढा. नावासाठी काढू नका.

तिकटीवरचा
बरं बाबा. पण आमच्या अख्ख्या लाईनीत निम्मी दुकानं अशीच चाललीत.

हिशेबनीस
चालतात की. तपासणी होईपर्यंत सगळंच चालतं.

निपाणीकर
एक आगाऊ सल्ला. ताई, तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत असाल तर माल महाराष्ट्राबाहेर पाठवता येत नाही. कोल्हापूरवाल्यांना निपाणी म्हणजे पलीकडची गल्ली वाटते, पण दूधगंगा ओलांडली की कर्नाटक. आमच्या इथल्या दुकानात एका कोल्हापूरच्या मसालेवाल्याची पाकिटं यायची, बिल मात्र कोल्हापुरातल्या कुणाच्या तरी नावावर फाटायचं. शेवटी आमच्या शेठनी बंद केलं.

कांडपवाली
कंपोझिशन नाही, नियमित आहे. बेळगावला नणंद असते, तिच्या ओळखीने तिकडे माल जायला लागला तेव्हाच सीएंनी बदलून घेतलं होतं.

हिशेबनीस
बरं केलं. राज्याबाहेर माल विकला की नोंदणी सक्तीची, उलाढाल कितीही असो. आणखी एक, 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट फक्त निव्वळ माल विकणाऱ्यांना. कांडून देणं ही सेवा झाली, तिथे 20 लाखांची मर्यादा बघतात. कांडपवाल्यांच्या हे हमखास लक्षात राहत नाही.

सौ_फुलेवाडी
ताई, मी घरून केक आणि दिवाळीचा फराळ करते. माझा अनुभव बँकेचा आहे, तो ऐकून ठेवा.

मी फेसबुकवर एका गोड नावाने धंदा सुरू केला. फूड लायसन्स माझ्या नावावर, खातं माझं बचत खातं. एका कंपनीने दिवाळीच्या बॉक्सची ऑर्डर दिली आणि चेक फाडला त्या गोड नावाने! बँकेत गेले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "हे कोण?" म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, "कागदावर दाखवा." कागदच नव्हता. कंपनीच्या हिशेब विभागाने दुसरा चेक काढायला पाडवा ओलांडला.

चालू खातं फर्मच्या नावाने काढायचं तर त्या नावाचा धंदा असल्याचे दोन पुरावे मागतात. जीएसटी दाखला, शॉप अ‍ॅक्टची पावती, उद्यम असं काहीतरी. म्हणून हिशेबनीसदादांनी सांगितलेलं अतिरिक्त नाव आधी जीएसटीत चढवा आणि मगच बँकेत जा.

आणि क्यूआर कोड! पैसे पाठवताना गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जे नाव दिसतं ते बँकेतलं. पाकिटावर एक, बिलावर दुसरं आणि मोबाइलवर 'सौ. अमकी तमकी' दिसलं की बाहेरगावची माणसं फोन करून विचारतात, "पैसे बरोबर ठिकाणी गेले ना?" आपल्या गल्लीतली नाही विचारत.

नादखुळा
आमच्या गल्लीतली तर पैसेच देत न्हाईत. नावाचा प्रश्नच मिटला.

काळा_कोट
आलो. आता मुख्य मुद्दा.

वर हिशेबनीसांनी लिहिलं ते सगळं बरोबर आहे, पण त्याने फक्त तुम्हाला त्या नावाने व्यवहार करता येईल. दुसऱ्याला त्या नावापासून रोखता येणार नाही. रोखायचं असेल तर ट्रेडमार्क. 1999 चा कायदा आहे. कोल्हापूरचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, पण सगळं ऑनलाइन, मुंबईला खेटे घालायची गरज नाही.

अर्ज टीएम-ए. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन फी दर वर्गाला (माल आणि सेवांचे ठरलेले गट असतात) 4500 रुपये, इतरांना 9000. तुमचा वर्ग 30, मसाले त्यात येतात. कांडून देण्याची सेवा वर्ग 40 मध्ये येईल, पण नवं नाव फक्त चटणीला आहे तर एकाच वर्गात पैसे घाला. अर्ज तपासला जातो, हरकत नसेल तर ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापतात, मग चार महिने जगाला विरोध करायला मुदत. कुणी आडवं आलं नाही तर नोंदणी, दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण करता येतं.

अर्ज करण्यापूर्वी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या. फुकट आहे. देवनागरीत शोधून थांबू नका. रोमन अक्षरात जितक्या प्रकारे ते नाव लिहिता येईल तितक्या प्रकारे शोधा, आणि उच्चारावरून शोधायचा पर्याय आहे तोही वापरा. 'झ' कुणी कसाही लिहितो.

नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम लिहू शकता. गोलातला आर नोंदणी झाल्यावरच. आधी लावला तर तो गुन्हा धरला जाऊ शकतो.

पुणेरी_पाहुणा
आमच्याकडे पाट्यांवर 'आमची कुठेही शाखा नाही' लिहितात. तो आमचा ट्रेडमार्क.

तिकटीवरचा
आणि आमच्याकडे 'मूळ', 'जुने', 'असली', 'एकमेव'. एका रांगेत चार एकमेव.

नादखुळा
ताई, नावात 'कोल्हापुरी' टाकाच. जगात भारी. लोक डोळे झाकून घेतात.

काळा_कोट
डोळे झाकून घेतात, म्हणूनच तो शब्द कुणा एकाला मिळत नाही. गावाचं नाव, मालाचं वर्णन करणारे शब्द, हे कलम 9 खाली अडतात. 'कोल्हापुरी झणझणीत चटणी' यातला एकही शब्द तुमचा नाही. पाकिटावर लिहा, कोण नको म्हणतंय. पण नाव म्हणून काहीतरी असं घ्या ज्याचा मिरचीशी दुरान्वयानेही संबंध नाही. ते टिकतं.

देवाच्या नावांचंही तसंच. अंबाबाई आणि जोतिबा सगळ्यांचे. 'रामायण' हे नाव उदबत्तीला एकट्याने घेण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, 2015 साली निकाल लागला. धर्मग्रंथाचं नाव मालासाठी कुणा एकाला मक्ता म्हणून मिळणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

आणि तुम्ही सुचवायच्या आधीच सांगतो, महाराजांचं नावही नको. 1950 चा एक कायदा आहे, बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. व्यापारी चिन्ह म्हणून केंद्राच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही.

नादखुळा
मी सुचवणारच होतो. हे वकील मनातलं वाचतात राव.

तिकटीवरचा
'कोल्हापुरी'वरून. आमच्या चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. 2025 च्या जूनमध्ये त्या इटलीच्या प्राडाने मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दाखवली तेव्हा केवढा गदारोळ झाला. इथे पत्रकार आले, परदेशी पाहुणे आले, फोटो काढून गेले. पण जीआय म्हणजे माझ्या दुकानाचं नाव नव्हे. तो आठही जिल्ह्यांतल्या कारागिरांचा. मला माझं नाव वेगळं राखावंच लागतं. गंमत म्हणजे जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची फी फक्त 10 रुपये आहे, तरी आमच्या लाईनीत अर्ज भरलेली माणसं शोधावी लागतील.

जुनं_गुऱ्हाळ
गुळालाही आहे जीआय. 2014 ला मिळाला. तरी दुसरीकडचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातोच. असो.

नावाचा विषय निघाला म्हणून एक आठवण देतो. आमच्या लहानपणी वडीलधारे सांगायचे. गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला मदत केली. हॉटेलचं नाव 'सत्यसुधारक'. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार, असा तो काळ. महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा प्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. बघा, तेव्हा चहाच्या दुकानाला असं नाव द्यायची धमक होती. आता आमच्या नातवाने कॅफे काढलाय, त्याचं नाव मला उच्चारता येत नाही.

पुणेरी_पाहुणा
काका, नातवाला सांगा पाटीवर मराठीत लिहायला. उच्चारता येईल.

हिशेबनीस
हा विनोद नाही, कायदाच आहे. 2022 च्या दुरुस्तीपासून लहान दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती कधीच संपली. त्याच दुरुस्तीत दारू विकणाऱ्यांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं लावायला बंदी आहे. ताई, नवं नाव दुकानावर लावलंत तर हे पाळा. जीएसटी नंबरही प्रवेशाजवळच्या पाटीवर हवा आणि दाखला आत दर्शनी जागी.

पाकीटछाप
माझं पॅकेजिंगचं काम आहे, छपाईच्या बाजूने बोलतो. सगळे वकील-सीएकडे जातात, आमच्याकडे शेवटी येतात आणि तिथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात.

ताई, छापील पाउच करायचा तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर (छपाईचा रूळ) कोरावा लागतो. पाच रंग म्हणजे पाच सिलिंडर. वर किमान अमुक किलो फिल्म घ्यावीच लागते, त्याखाली कुणी मशीन लावत नाही. नावात एक अक्षर बदललं की त्या रंगांचे सिलिंडर पुन्हा. एका गिऱ्हाइकाने आमच्याकडून भला मोठा लॉट छापून घेतला आणि मग त्याला दुसऱ्याच्या वकिलाचं पत्र आलं. पाउच पडून राहिले. शेवटी चुलीत घालायच्याही लायकीचे नव्हते, प्लॅस्टिक ते.

म्हणून नाव पक्कं होईपर्यंत साधा कोरा पाउच घ्या, त्यावर स्टिकर. शे-दोनशे स्टिकरही डिजिटलवर निघतात. मागच्या बाजूला वजन, महिना-वर्ष, सर्व करांसहित किंमत, फूड लायसन्सचा 14 अंकी नंबर, तक्रारीसाठी फोन. आणि उत्पादक म्हणून नाव-पत्ता लायसन्सवर आहे तोच. पुढे नवं नाव कितीही मोठं छापा, मागे उत्पादक 'अमुक मिरची कांडप' लिहिलं तरी काही बिघडत नाही.

कांडपवाली
पाकीटछापदादा, हेच मला कुणी सांगितलं नव्हतं! म्हणजे सीए म्हणत होते ते 'नुसतं छापा' तसं अगदीच चूक नव्हतं.

हिशेबनीस
चूक नाहीच. बिल जुन्या नावाने, खातं जुन्या नावाने, पाकिटावर ब्रँड नवा, एवढंच करणार असाल तर जीएसटीत दुसरं नाव नाही घातलं तरी चालतं. बिलावर किंवा बँकेत नवं नाव आणायचं असेल तर घालावं लागेल. हे तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर घालून ठेवा, फी नाही, आणि उद्या एखादा मॉलवाला नवीन नावाने खातं मागणारच.

उद्यमनगरी
आमच्याकडे उलटं झालं होतं. जुनं नाव सोडून नवं घेतलं आणि जुन्या नावाने येणारी पेमेंटं महिनोन् महिने लटकली. मोठ्या कारखान्यांत व्हेंडरचं नाव बदलायचं म्हणजे तीन विभागांच्या सह्या. ताई, तुम्ही जुनं सोडत नाही आहात तेच बरं.

कांडपवाली
आता खरा गुंता सांगते, जो पहिल्या पोस्टमध्ये लिहायला संकोच वाटत होता.

मोठे दीर गडहिंग्लजला असतात. त्यांच्या मुलाने तिकडे डंक बसवलाय आणि त्याला मामंजींचंच नाव द्यायचं म्हणतोय. म्हणजे 'अमुक मिरची कांडप', गडहिंग्लज. दीर म्हणतात, "नाव माझ्या वडिलांचं, तुझ्या एकटीचं नव्हे." खोटं नाही ते. आणि मी म्हणते, इतकी वर्षं त्या नावाने मिरची कांडून माझे हात भाजले, फोड आले, डोळे गेले, गिऱ्हाइकं त्या नावाला माझ्याकडे येतात. तिकडे कमी प्रतीची मिरची घातली तर बोल मला लागणार. भांडण नाही अजून. सणाला सगळे एकत्र जेवतो. पण पंगतीत हा विषय निघाला की सासूबाई "भात वाढू का" म्हणून उठतात.

जुन्या नावाचाही ट्रेडमार्क मी आधी घेऊन टाकावा का?

तिकटीवरचा
घ्या. आजच्या आज. नात्यात उशीर केला की संपलं. आमच्या लाईनीत सख्ख्या भावांच्या दुकानांना एकच नाव आहे, मध्ये भिंत आहे, आणि गिऱ्हाईक चुकून शेजारी गेलं तर दोघं रस्त्यावर येतात.

सौ_फुलेवाडी
अहो, गुपचूप अर्ज टाकला आणि उद्या दिरांना कळलं तर? नाव राहील, घर जाईल.

काळा_कोट
सौ. फुलेवाडींशी सहमत, आणि कायद्यानेही ते गुपचूप जमणार नाही. ट्रेडमार्क कायद्याचं कलम 14 वाचा. हयात माणसाचं किंवा अर्जाच्या आधीच्या वीस वर्षांत वारलेल्या माणसाचं नाव चिन्हात असेल, तर रजिस्ट्रार त्या माणसाची किंवा त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींची लेखी संमती मागू शकतो. मामंजींचे वारस कोण? तुमचे मिस्टर, दीर, सासूबाई, नणंदा. म्हणजे सही दिरांचीही लागू शकते.

दुसरं, कुणाचं स्वतःचं नाव किंवा आडनाव प्रामाणिकपणे धंद्याला वापरलं तर कलम 35 त्याला संरक्षण देतं. पुतण्याने आडनाव वापरलं तर तुम्ही सहजी रोखू शकणार नाही. 'प्रामाणिकपणे' हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या पाटीसारखीच पाटी, तेच रंग, तीच अक्षरं, तेच बोधचिन्ह केलं तर गोष्ट वेगळी. नोंदणी नसली तरी वर्षानुवर्षं कमावलेल्या नावाचा फायदा दुसऱ्याने उपटला तर दावा करता येतो. पण तो पुराव्यावर चालतो. जुनी बिलबुकं, पहिली पाटी रंगवल्याची पावती, जाहिरातीची कात्रणं, जुनी पाकिटं, काहीही रद्दीत घालू नका.

माझा सल्ला वकील म्हणून कमी आणि गडहिंग्लजचा जावई म्हणून जास्त: दिरांबरोबर बसा आणि कुटुंबात लेखी करार करा. कोण कुठे, कुठल्या जोडनावाने वापरणार. उदाहरणार्थ ते 'अमुक, गडहिंग्लज', तुम्ही 'अमुक, कोल्हापूर', आणि पाकीटबंद मालावर ब्रँड म्हणून ते जुनं नाव दोघांनीही घालायचं नाही. पाकीटबंदला तुमचं नवं नाव आहेच. ते मात्र फक्त तुमच्या नावावर नोंदवा, त्यात कुणाचा वारसा नाही. नवं नाव घ्यायचं तुमचं कारण दुकानदाराने दिलं असेल, मला विचाराल तर खरं कारण हेच असायला हवं.

जुनं_गुऱ्हाळ
वकीलसाहेब, हे बोललात ते लाखमोलाचं. पण करार सासूबाई असताना करा, त्यांची सही पहिली घ्या. नंतर कोण कुणाचं ऐकत नाही.

नादखुळा
मी कराराला येतो साक्षीदार म्हणून. जेवण तांबड्या-पांढऱ्याचं असेल तर.

निपाणीकर
पुतण्याला बेळगाव लाईन देऊन टाका, आमची सोय होईल.

कांडपवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी उशिरा परत आले, मध्ये सीझन होता, दिवसभर ब्याडगी आणि संकेश्वरीच्या धुरळ्यात.

काय झालं ते सांगते. काळा_कोट यांनी सांगितलं तसा शोध घेतला. ठरवलेलं नाव देवनागरीत कुठेच नव्हतं, पण रोमन अक्षरांत एक जवळजवळ तसंच, वर्ग 30 मध्येच, लोणच्यासाठी गुजरातेतल्या कुणीतरी नोंदवलेलं निघालं. उच्चार तोच. म्हणून ते सोडलं. नवीन नाव नणंदेच्या मुलीने सुचवलं, त्याचा मिरचीशी काही संबंध नाही. अर्ज भरलाय, माझ्या स्वतःच्या नावावर, एकाच वर्गात. आता म्हटलं तरी सांगणार नाही, जर्नलमध्ये वाचा. जीएसटीत अतिरिक्त नाव चढवलं. अधिकाऱ्याने एक प्रश्न विचारला, हे नाव त्याच जागेवर वापरणार का, त्याला उत्तर दिलं, मंजूर झालं. पाकिटाला सध्या स्टिकर.

दिरांशी बोलणं झालंय. करार अजून नाही. ते म्हणाले, "लिहून कशाला, आपण काय परके?" सासूबाईंनी मात्र त्या दिवशी भात वाढायला न उठता "लिहा" म्हणून सांगितलं. त्यामुळे आता कागद होईल असं वाटतंय. पुतण्याने पाटीचा रंग वेगळा ठेवायचं कबूल केलंय.

हिशेबनीस
उत्तम. शॉप अ‍ॅक्टच्या सूचनेत आणि फूड लायसन्सच्या तपशिलात काही बदल लागतोय का तेही एकदा बघून घ्या. महापालिकेच्या परवाना विभागातही. सगळीकडे स्पेलिंग एकच ठेवा, बँका एका अक्षरावरून कागद परत करतात.

नवा_भिडू
हाच प्रश्न पार्टनरशिपसाठी असेल तर? आम्ही दोघं मित्र, इचलकरंजीला शर्ट शिवतो. फर्मच्या नावाशिवाय दुसरं नाव हवंय.

उद्यमनगरी
भावा, आधी फर्म नोंदवली आहेस का ते सांग. 1932 च्या भागीदारी कायद्यात नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर फर्मला थकबाकीसाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. ब्रँडचं नाव नंतर बघू, पहिल्यांदा उधारी कशी वसूल करणार ते बघ.

नवा_भिडू
नोंदवलेली नाही. आणि उधारी आहे.

धागा_पहारेकरी
भागीदारीसाठी कृपया वेगळा धागा काढा, इथली माहिती मालकी फर्मची आहे. वकिलांनी आणि करसल्लागारांनी तिथेही यावं ही विनंती.

नादखुळा
पहारेकरी, जाता जाता एकच. ताई, चटणी किलोला काय भाव? कमी तिखटाची मिळते का? पुण्याला पाहुणे आहेत.

पुणेरी_पाहुणा
निषेध. आणि मलाही अर्धा किलो.

कांडपवाली
दोघांनाही व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. इथे भाव लिहिला तर जाहिरात म्हणून धागा उडेल.